ऑपरेशन चांगलं झालं, मग दिसत का नाही?

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. वय ६६, मधुमेह १४ वर्षांपासून. सात आठवड्यांपूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पहिले दोन-तीन दिवस धुरकट गेले, मग लख्ख दिसू लागलं. महिन्याच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, “भिंग छान बसलंय.” पाचव्या आठवड्यापासून मात्र त्याच डोळ्याने वाचताना मधली अक्षरं फिकट होऊ लागली आणि दाराची चौकट मध्येच वाकल्यासारखी दिसू लागली. दुखत नाही, लालीही नाही. चष्मा बदलून पाहिला, फरक पडला नाही. शेजारच्या बाई म्हणतात, मोतीबिंदू परत आला, लेझर करून घ्या. ताईंना स्वतःला वाटतं, शरीराने भिंग नाकारलं असावं, किंवा त्या काळात घरात एक मृत्यू झाला, त्या खूप रडल्या, वाकून कामं केली, त्याचं हे फळ असावं. डोळ्यात घालायचे थेंब त्यांनी तिसऱ्या आठवड्यातच थांबवले, कारण छान दिसत होतं. मुलाने सगळी धावपळ केली, त्याला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी घरात काहीच सांगितलेलं नाही. अर्धांगवायूनंतर यजमानांना वाचता येत नाही. त्यांना रोज संध्याकाळी त्या वाचून दाखवायच्या. आता ‘घसा बसलाय’ म्हणून टाळतात. डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख तीन आठवड्यांवर आली आहे. ‘ऑपरेशन फसलं का? दुसरा डोळा करू की नको?’ असं त्या विचारतात.

ताई,

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले. ‘भिंग छान बसलंय असं डॉक्टर म्हणाले, आता कुठल्या तोंडाने तक्रार करू?’ तिथूनच सुरुवात करते, कारण तुमच्या निम्म्या घालमेलीचं मूळ त्या वाक्यात आहे.

डॉक्टर जे बोलले ते भिंगाबद्दल आणि त्या दिवसाबद्दल होतं. ते खरंही असेल. पण दिसणं एकट्या भिंगाच्या हातात नसतं. उजेड आधी डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेतून, म्हणजे बुबुळावरच्या पापुद्र्यातून आत येतो, मग भिंगातून, मग आतल्या जेलीसारख्या द्रवातून, आणि शेवटी मागच्या पडद्यावर पडतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये यातली एकच गोष्ट बदलली जाते. भिंग अगदी जागच्या जागी असूनही पुढची काच सुजलेली असेल, किंवा मागचा पडदा सुजलेला असेल, तर धूसर दिसणारच. त्यामुळे ‘ऑपरेशन चांगलं झालं’ आणि ‘मला नीट दिसत नाही’ ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. दुसरं वाक्य उच्चारल्याने पहिलं खोटं ठरत नाही, आणि डॉक्टरांचा किंवा तुमच्या मुलाचा अपमानही होत नाही.

आता तुमच्या डोळ्याविषयी. पत्र वाचून निदान करता येत नाही, ते तपासूनच होईल. पण तुम्ही इतकं नेमकं लिहिलं आहे की कुठे पाहायला हवं ते मला बऱ्यापैकी ठामपणे सांगता येतं. आधी चांगलं दिसलं, मग पाचव्या आठवड्यापासून बिघडलं. बिघाड बरोबर मध्यभागी आहे, कडेचं ठीक. सरळ रेघ वाकडी दिसते. चष्म्याने फरक नाही. वेदना नाही. मधुमेह आहे. थेंब लवकर बंद झाले. हे सगळं एकत्र ठेवलं की पहिला संशय पडद्याच्या मध्यबिंदूवरच्या सुजेचा येतो. डॉक्टर त्याला मॅक्युलाची सूज म्हणतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर अशी सूज येते याचं वर्णन डोळ्यांच्या वैद्यकात १९५३ पासून आहे. ती बहुधा चौथ्या ते बाराव्या आठवड्यादरम्यान लक्षात येते, म्हणजे पेशंट आणि घरचे दोघंही ‘झालं एकदाचं’ म्हणून निर्धास्त झालेले असतात तेव्हा.

होतं असं की ऑपरेशन कितीही नाजूक हाताने केलं तरी डोळ्याला तो आघातच असतो. त्याला उत्तर म्हणून डोळ्यात दाह निर्माण करणारी द्रव्यं तयार होतात, ती मागे पडद्यापर्यंत पोचतात, आणि तिथल्या अगदी बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपू लागतं. मध्यबिंदूची जाडी मुळात साधारण पाव मिलिमीटर. वाचणं, चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं ही सगळी बारीक कामं त्या एवढ्याशा जागेवर चालतात. तिथे पाणी साचून ती फुगली की सरळ रेघ वाकते आणि अक्षरं विटतात. चष्मा उजेड नीट आणून सोडतो, पण तो ज्या जागी पडायचा ती जागाच फुगली असेल तर चष्मा काय करणार? म्हणून तुमचा नवा चष्मा कामी आला नाही. तो चष्मा बनवणाऱ्याचा दोष नाही. फक्त यातला नंबर सूज उतरल्यावर पुन्हा तपासावा लागेल, तोवर आणखी चष्मे बदलू नका.

यासाठी ओसीटी नावाची तपासणी करतात. यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसायचं, समोरच्या खुणेकडे पाहायचं, आणि काही सेकंदांत पडद्याच्या थरांचं आडवं चित्र निघतं. सुई नाही, दुखणं नाही. नेहमीच्या तपासणीत बारीक सूज नजरेतून निसटू शकते, या चित्रात ती दिसते. सूज निघाली तर बहुतेकदा थेंबांनीच उतरते, पण त्याला आठवडे लागतात, कधी काही महिने. थेंबांनी भागलं नाही तर डोळ्याजवळ किंवा डोळ्यात इंजेक्शन देण्याचा पर्याय असतो. मधुमेह असल्यामुळे तुमच्या बाबतीत डॉक्टरांना आणखी एक गोष्ट ठरवावी लागेल: ही ऑपरेशननंतरची सूज की मधुमेहामुळे पडद्यावर आलेली, की दोन्ही. उपाय त्यावर ठरतो. अलीकडचे साखरेचे आणि रक्तदाबाचे आकडे सोबत न्या.

तुम्ही स्वतःवर ठेवलेल्या आरोपांकडे आता येते. रडण्याने ही सूज येत नाही. वाकून घरातली हलकी कामं करण्यानेही येत नाही. सुरुवातीचे काही आठवडे डोळा चोळू नका, डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका, जड उचलू नका असं सांगतात ते जखम आणि संसर्ग यांच्या काळजीने. घरातलं माणूस गेल्यावर डोळ्यांतून जे पाणी आलं त्याचा हिशोब डोळ्याने तुमच्याकडून घेतलेला नाही. हे ओझं कृपा करून खाली ठेवा.

भिंग शरीराने नाकारलं असावं, ही शंकाही पुष्कळांना येते. कुणा दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवल्यावर जसा धोका असतो तसा इथे नसतो, कारण हे भिंग कुठल्या सजीवाचं नाही. डोळ्यात भिंग बसवण्याची कल्पना ज्यातून आली ती गोष्ट मला फार मोलाची वाटते. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या काचा फुटून वैमानिकांच्या डोळ्यांत तुकडे गेले होते. त्या काचा म्हणजे एक प्रकारचं पारदर्शक प्लॅस्टिक. हॅरॉल्ड रिडली या इंग्लिश नेत्रतज्ज्ञांनी पाहिलं की ते तुकडे डोळ्यात तसेच पडून आहेत आणि डोळा त्यांच्यावर चिडत नाही. त्यावरून त्यांनी १९४९ मध्ये लंडनला पहिलं कृत्रिम भिंग एका पेशंटच्या डोळ्यात बसवलं. आजची भिंगं घडी घालून जेमतेम दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून आत जातात आणि आत उलगडतात, पण पाया तोच: डोळा ज्याला सहज सामावून घेतो असा पदार्थ. तुमच्या लक्षणांचा ठपका भिंगावर ठेवावा असं तुमच्या पत्रात मला काही दिसलं नाही.

शेजारच्या बाईंचं म्हणणं मात्र थोडं सविस्तर तपासायला हवं, कारण त्यात एक तथ्य आहे आणि ते चुकीच्या जागी लागू पडलं आहे. मोतीबिंदू परत येत नाही. गढूळ झालेलं मूळ भिंगच काढून टाकलेलं असतं, ते पुन्हा उगवत नाही. पण ज्या पातळ पिशवीत ते भिंग होतं ती डोळ्यात ठेवतात आणि नवं भिंग तिच्यातच बसवतात. पुष्कळांच्या बाबतीत काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनी त्या पिशवीची मागची बाजू गढूळ होते. तेव्हा जुन्या मोतीबिंदूसारखंच दिसतं, सगळीकडे सारखी धूसर झाक येते, समोरून येणाऱ्या दिव्यांचा उजेड फाकतो. त्यावर यॅग लेझरने पिशवीच्या मागच्या बाजूला मधोमध खिडकी पाडतात. काही मिनिटांचं काम असतं, दुखत नाही, भिंगाला हात लागत नाही. बाईंनी असं कुणाचं तरी पाहिलं असणार. तुमचं चित्र वेगळं आहे: सातवाच आठवडा, मध्यभागी बिघाड, वाकड्या रेघा. पडद्याची सूज या लेझरने उतरत नाही, उलट या लेझरनेही कधीकधी पडद्यावर सूज येऊ शकते. म्हणून आधी ओसीटी, मग बाकीचं. कुणी घाईने लेझर सुचवलं तर ‘पडदा तपासला का?’ एवढं विचारा.

थेंबांबद्दल. दाह उतरवणारे थेंब दृष्टी वाढवायला दिलेले नसतात. डोळ्याच्या आतला राग शमवायला दिलेले असतात. तो राग छान दिसत असतानाही चालू असतो. हे पेशंटला कुणीतरी समजावून सांगायला हवं असतं. हातात नुसता ‘दिवसातून चार वेळा’ लिहिलेला कागद मिळतो, मग बरं वाटल्यावर माणूस थांबणारच. म्हणून मी तुम्हाला दोष देत नाही. पण तुम्ही ते कधी बंद केले ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नका. ते समजत असतील की थेंब पूर्ण होऊनही सूज आली, तर त्यांचा सगळा अंदाज चुकेल. आणि घरातली जुनी बाटली शोधून पुन्हा सुरू करू नका. उघडलेली बाटली साधारण चार आठवड्यांनी टाकून द्यायची असते. शिवाय स्टेरॉइडच्या थेंबांनी काही जणांच्या डोळ्यातला दाब वाढतो, तो मोजल्याशिवाय ते घेणं बरं नाही.

नवे थेंब मिळतील तेव्हा हे सांभाळा. पांढरट, दुधासारखं औषध असेल तर बाटली आधी चांगली हलवायची, नाहीतर औषध तळाशी राहतं आणि डोळ्यात नुसतं पाणी पडतं. खालची पापणी ओढून एकच थेंब, डोळा अलगद मिटायचा, नाकाजवळचा कोपरा मिनिटभर बोटाने दाबून धरायचा. दुसरं औषध पाच मिनिटांनी.

आता भेट कधी? येत्या एक-दोन दिवसांत. पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. आज फोन करा आणि ‘नीट दिसत नाही’ असं म्हणू नका. ते वाक्य दवाखान्यात दिवसभर ऐकू येतं आणि त्याला ‘होईल हळूहळू’ हेच उत्तर मिळतं. असं सांगा, किंवा कागदावर लिहून न्या: “ऑपरेशननंतर चार आठवडे मला वाचता येत होतं. पाचव्या आठवड्यापासून उजव्या डोळ्याने मधलं पुसट दिसतं आणि सरळ रेघा वाकड्या दिसतात. चष्म्याने फरक नाही. दुखत नाही. मधुमेह १४ वर्षांचा. थेंब मी तिसऱ्या आठवड्यात थांबवले. ओसीटी करावी का?” एवढी सहा-सात वाक्यं ऐकली की कुठलाही डोळ्यांचा डॉक्टर खुर्चीत पुढे सरकेल.

ज्या वाचकांचं दुखणं ताईंसारखं नाही, पण ऑपरेशननंतर धूसर दिसतंय, त्यांच्यासाठीही थोडं लिहिते. एक डोळा झाकून एकेक डोळ्याने पाहा. दोन्ही उघडे असले की चांगला डोळा वाईटाला सांभाळून घेतो आणि बिघाड लपतो. मग धूसर कधीपासून आहे ते आठवा. पहिल्या काही दिवसांतलं धुकं बहुधा पुढच्या पारदर्शक काचेच्या सुजेचं असतं, पिकलेल्या कडक मोतीबिंदूत जास्त, सकाळी उठल्यावर जास्त, आणि ते दिवसागणिक कमी होत जातं. पापण्यांची उघडझाप केली की क्षणभर स्पष्ट होतं आणि पुन्हा पुसटतं, वाळू गेल्यासारखं खुपतं, असं असेल तर कोरडेपणा बघावा लागतो. छेद देताना बारीक नसा कापल्या जातात, त्या भरून यायला दोन-तीन महिने लागू शकतात, तोवर डॉक्टरांनी सांगितलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब कामी येतात.

आणखी एक साधी परीक्षा आहे. जाड कागदाला टाचणीने बारीक भोक पाडा आणि त्यातून दूरचा फलक वाचायचा प्रयत्न करा. लक्षणीय सुधारलं तर बहुधा नंबर उरला आहे, आणि तो चष्म्याने निघेल. ऑपरेशनआधी डोळ्याची लांबी मोजून भिंगाचा नंबर काढतात. त्या लांबीत एक मिलिमीटरची चूक झाली तर चष्म्याच्या नंबरात अडीच-तीनचा फरक पडतो, इतकं ते नाजूक गणित आहे. थोडाफार नंबर उरणं म्हणूनच नवलाचं नाही. साधं, एकाच अंतराचं भिंग बसवलेलं असेल आणि ते दूरसाठी असेल तर जवळचं वाचायला चष्मा लागतोच, तो दोष नव्हे. भोकातून पाहूनही सुधारलं नाही तर मात्र चष्म्याच्या मागे लागू नका, डोळा आतून तपासून घ्या. कधीकधी मोतीबिंदू इतका दाट असतो की मागच्या पडद्याचा किंवा नसेचा जुना आजार आधी दिसतच नाही, आणि भिंग बदलल्यावर तो समोर येतो.

आणि या पुढच्या गोष्टीत तासांचा हिशोब असतो. डोळा वाढत्या प्रमाणात दुखतोय, लाल होतोय, पापणी सुजतेय, दृष्टी झरझर कमी होतेय, विशेषतः ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत, तर तो डोळ्याच्या आतला संसर्ग असू शकतो. किंवा अचानक काळ्या ठिपक्यांचा पाऊस, विजेसारखे लखलखाट, एका बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली दिसली तर मागचा पडदा सुटत असू शकतो, आणि हे महिन्यांनी, वर्षांनीही होऊ शकतं. रात्र असो, सुट्टी असो, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना गाठायचं. ताई, तुम्हालाही यातलं काही जाणवलं तर हे पत्र बाजूला ठेवा आणि निघा.

दुसऱ्या डोळ्याचं म्हणाल तर तारीख रद्द करायची म्हणजे पुन्हा कधीच नको, असं नाही. ती पुढे ढकला. उजव्या डोळ्यात काय झालं ते कळू दे, उतरू दे. एका डोळ्याला अशी सूज आली असेल तर दुसऱ्याला येण्याची शक्यता जास्त असते. पण तेव्हा डॉक्टर सावध असतात, दाह उतरवणारे थेंब ऑपरेशनच्या आधीपासून सुरू करता येतात आणि नंतर जास्त काळ चालू ठेवता येतात. पडद्याचं चित्र आधी काढून ठेवता येतं, नंतर तुलना करायला. म्हणजे पहिल्या डोळ्याचा हा त्रास तुम्ही बोललात तरच दुसऱ्या डोळ्याच्या कामी येईल.

मुलाला काय सांगायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सगळं पत्र त्याच्याभोवती फिरतंय. माझ्या आईने ऑपरेशननंतर जवळजवळ दोन महिने अशीच गप्प राहून काढले. मी याच व्यवसायात, रोज तिच्यासमोर, आणि मला कळलं नाही. ती वर्तमानपत्र हातात धरून बसायची, पानं उलटायची. एके दिवशी पान उलटं धरलेलं मी पाहिलं. त्या क्षणी मला तिच्या डोळ्यापेक्षा जास्त काय लागलं असेल तर ते हे की तिने मला त्रास नको म्हणून एकटीने ते सोसलं. तुमच्या मुलाने धावपळ केली ती तुम्हाला दिसावं म्हणून. दिसत नाही हे त्याला कळायला हवं. “ऑपरेशन छान झालंय, पण डोळ्यात मागे सूज असावी, तपासून घेऊ या, माझ्याबरोबर चल” एवढं पुरे. त्यात कुणाची चूक सिद्ध होत नाही. बाहुली मोठी करणारे थेंब घातले की काही तास तुम्हाला अंधुक दिसेल, सोबत तसंही कुणीतरी लागेलच.

आणि आज संध्याकाळी यजमानांना घसा बसलाय असं सांगू नका. डाव्या डोळ्याने, मोठ्या अक्षरांचं, चांगल्या उजेडात, जमेल तेवढं वाचा. अर्धं पान झालं तरी चालेल. वाचल्याने उजव्या डोळ्याची सूज वाढत नाही. अक्षर सुटलं तर थांबा आणि सुटलं असं त्यांना सांगा.